झेंडू फौजेतला तिसरा

दत्ता, काल सकाळी तुझ्या झेंडू फौजेला नवा सरदार मिळाला.

मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. वाटलं, बायकोने दुधाची आठवण करून दिली असेल. बघतो तर आपला तो किल्ल्यांचा गेम. 'सरदार दहा दिवस गैरहजर असल्याने टोळीचं नेतृत्व पुढच्या क्रमांकाच्या खेळाडूकडे जात आहे.' खाली तुझं नाव करडं पडलेलं, आणि त्याच्या वर सोनेरी मुकुट घालून 'एकटा वाघ'. गेमला काय कळतंय गैरहजर म्हणजे काय ते. त्याने आपला नियम पाळला. मी मात्र अर्धं शटर डोक्यावर धरून तसाच उभा राहिलो. मागून एक मुलगी म्हणाली, "काका, आधार कार्डाच्या दोन प्रती हव्यात. आत येऊ, की वाकून देऊ?"

तुझ्याविषयी श्रद्धांजलीच्या चार ओळी लिही, असं आपल्या ओळखीच्या तिघांनी मला सांगितलं. शाळेपासूनचा दोस्त, लिहिता येतं, वर झेरॉक्सचं दुकान; म्हणजे प्रती काढायचा प्रश्नही सुटला. बसलो लिहायला. जन्म अमुक, शिक्षण तमुक. शिक्षणाशीच अडखळलो. तुझं दहावीचं लिहायचं तर माझंही आलं. इंग्रजीच्या पेपरला मी तुझं बघून लिहिलं होतं. तू काठावर पास झालास आणि मी नापास. समोर ठेवलेली प्रतही मला नीट उतरवता आली नव्हती, आणि पुढे आयुष्यभर मी प्रती काढायचाच धंदा केला. हे श्रद्धांजलीत शोभलं नसतं. कागद फाडला.

त्यापेक्षा तुझ्याशीच बोलतो. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. मळ्यातून जाणाऱ्या रस्त्यावर तू घेतलेल्या हरकतीची परवा सोमवारी सुनावणी आहे. तुझा नितीन ती हरकत लढवणार, की कागदावर सही करून मळा सोडून देणार, हे त्या दिवशी ठरेल. आणि तुझ्या मुलावर ही वेळ आली त्यात माझा हात आहे. हे तुला न कळताच तू गेलास.

सुरुवातीपासून सांगतो. तू मधे बोलणार नाहीस, याची सवय अजून व्हायचीय.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तू दोन महिने घरात अडकलास, तेव्हा नितीननेच तुझ्या फोनवर तो गेम घालून दिला होता. बरा झालास, पण गेम सुटला नाही. मग तू मला त्यात ओढलंस. पन्नाशी उलटलेले दोघं जण, एक फुलं पिकवणारा, एक झेरॉक्सवाला, दुपारी दोन ते चार किल्ले लुटायचो. गंगापूर रोडवर त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. मी शटर अर्धं ओढायचो. तिकडे मखमलाबादच्या अंगाला तुझ्या मळ्यात, पॅकिंगच्या शेडमधे, तू गोणपाटावर बसून गुलाब निवडायचास, फोन क्रेटला टेकवलेला आणि माइक कायम चालू. हात फुलांत, तोंड जगात.

काय काय मतं होती तुझी! एखाद्या विषयावर तुझं मत नाही असं झालंच तर तू उद्यापर्यंत मुदत मागून घ्यायचास.

"बाळ्या, ह्या गेमचं एक बरं हाय," तू म्हणायचास. "सुरुवातीला सगळ्यांला एकच झोपडी, दोन मजूर, एक विहीर. बापाचं नाव कोणी विचारत नाय."

"आणि पुढे?"

"पुढं दुकान उघडतं ना त्यांचं. मंग ज्याच्या खिशात पैसा, त्याची तोफ मोठी. झालं, आलं आपलं गाव."

तू त्या गेममधे एक रुपया घातला नाहीस. मी घातला. गुलाबी तोफ विकत घेतली आणि तुला सांगितलं की कौशल्याने मिळाली. तू फुलं निवडता निवडता म्हणालास, "कौशल्याची तोफ गुलाबी नसते. वहिनीच्या भिशीतनं घेतली ना?" भिशीतूनच घेतली होती. तुला कसं कळायचं कोण जाणे. घरी कळायला मात्र पुढे महिना लागला आणि त्या तोफेपेक्षा मोठा आवाज झाला.

आमच्या सोसायटीच्या गेटवर 'फेरीवाल्यांना आत मनाई' असा बोर्ड लागला, तेव्हा मी सेक्रेटरी होतो. बोर्ड मीच छापला, मीच लॅमिनेट केला, आणि मोठ्या अभिमानाने फोटो तुला पाठवला. दुपारी तू माइकवर आलास. मग म्हणालास, "तुमची सोसायटी उभी हाय ती कोणाच्या वावरात, ठावं हाय का? माझ्या मामाच्या. त्याचा पोरगा आज तुमच्या भागात फुलपुडी टाकतो. ज्याची जमीन होती तोच आता फेरीवाला." मी म्हणालो, "त्याला वेगळा पास देऊ." तू म्हणालास, "दे. त्याच्याच बांधावर जायला त्याला पास दे." दुसऱ्या दिवशी मी तो बोर्ड काढला, आणि सभासदांना सांगितलं की वाऱ्याने पडला. त्या आठवड्यात नाशिकात पान हललं नव्हतं.

आणि ते उपरणं! मागच्या निवडणुकीत दुकानासमोरून मिरवणूक निघाली. ड्रॉवरमधे मी दोन्ही पक्षांची उपरणी ठेवायचो, कारण दुकान रस्त्यावर. घाईघाईने एक काढून गळ्यात घातलं आणि हात जोडून दारात उभा राहिलो. चष्मा कपाळावर होता. उपरणं दुसऱ्या पक्षाचं निघालं. मिरवणूक माझ्याकडे बघत बघत पुढे गेली. तू आठवडाभर हसत होतास. मग एका दुपारी हसता हसता थांबलास आणि विचारलंस, "बाळ्या, मस्करी सोड. तू खरा कोणाच्या बाजूचा?"

मी म्हणालो, "उत्तरेचा बुरूज पडला बघ, चल लवकर."

असे किती प्रश्न मी बुरुजांवर टोलवले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गणपतीच्या आधी आपण सलग हरत होतो. सिन्नरच्या एका टोळीने आपलं पार पानिपत केलं होतं. तू म्हणत होतास, खेळ आहे, हरायचं कधी कधी. मला ते सहन होईना. मी गेममधल्या जवळपासच्या खेळाडूंच्या यादीत शोधून शोधून एकाला निमंत्रण पाठवलं. 'एकटा वाघ'. वरची लेव्हल, काळ्या तोफांची रांग. तो लगेच आला.

"कोण हाय हा?" तू विचारलंस. "नाव नाय, गाव नाय, बोलत पण नाय."

"खेळतो भारी."

"न बोलणारा माणूस घरात घेताना इचार करावा, बाळ्या."

"घर कुठलं? गेम आहे रे."

त्याचा हिरवा ठिपका रोज दोन वाजता लागायचा. माइक बंद, कान उघडे. चढाई जिंकली की एक अंगठा टाकायचा, बस. आपण जिंकत सुटलो. आठ दिवसांत आपण त्याला विसरलो, दत्ता. कोपऱ्यात ठेवलेल्या पंख्यासारखा झाला तो. आणि तू पहिल्यासारखाच बोलत राहिलास, सगळं, जसं माझ्याशी बोलतोस तसं.

तेव्हाच तुझ्या मळ्यामागे भाऊंच्या प्लॉटचं काम निघालं होतं. भाऊ म्हणजे कोण ते आपल्या भागात सांगावं लागत नाही; इथे मी नाव लिहीत नाही, एवढी भीती अजून शिल्लक आहे. प्लॉटना रस्ता हवा होता. नव्या आराखड्यात तो तुझ्या मळ्याच्या मधोमध आला, विहिरीवरून. जुनी वहिवाट इथूनच होती, असं म्हणणं पुढे आलं. रस्ता झाला तर मळ्याच्या दोन चिंध्या उरणार आणि विहीर जाणार. मग विकण्यावाचून इलाज नाही. तू हरकत घेतलीस. जुना नकाशा तुझ्याकडे होता. खरी गाडीवाट पलीकडे, ओहोळाच्या काठाने जायची. साक्षीला एक म्हातारं माणूस होतं, तुकाआबा. उभा जन्म आबाने त्या वाटेवर बैलगाडी हाकली.

बुधवारी दुपारी गुलाबाचे काटे काढता काढता तू माइकवर म्हणालास, "आबा तयार हाय. शुक्रवारी कागद करतो."

शुक्रवारी तू आबाकडे गेलास. आबा म्हणाला, "मला काही आठवत नाय रे दत्तू. लय वरीस झाली." ओट्यावर नवी कोरी चाकांची खुर्ची होती, प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. तू मला हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज एकदम म्हातारा वाटला.

पुढच्या आठवड्यात तू म्हणालास, उद्या आम्ही सगळे पुतणीच्या बस्त्याला जाणार, मळ्यात कोणी नाही. दुसऱ्या दिवशी परत आलात तर विहिरीवरच्या मोटारीची केबल कापलेली. चोरीला गेली नव्हती. कापून तिथेच नीट गुंडाळून ठेवली होती.

"घरातलंच फुटलंय," तू म्हणालास. "हे मी घराबाहेर कोणापाशी बोललो नाय."

माझ्याशी बोलला होतास. मी घराबाहेरचा, हे तुझ्या डोक्यात आलंच नाही. आणि आपल्या दोघांत तिसरा आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पण नितीन होता ना समोर. तो एकदा बोलून गेला होता, विकून टाकू, फुलांना शीतगृह काढू. तेवढं तुला पुरलं. तू त्याच्याशी बोलणं टाकलंस. एकाच पंगतीत बसून वहिनींना सांगायचास, "त्याला म्हणावं भाजी घे."

मला कळलं त्याला कारण माझा चोंबडेपणा. एका दुपारी तुझ्याकडे निघालो होतो. मळ्याच्या फाटकासमोर पांढरी गाडी उभी. मागच्या काचेवर तिरक्या अक्षरांत 'एकटा वाघ'. मला आधी हसूच आलं. म्हटलं, आपल्या वाघाचा भाऊबंद दिसतोय. चांगले कपडे घातलेला, पस्तिशीचा एक जण आत बसून फोनवर काहीतरी खेळत होता. जाता जाता मी डोकावलो. पडद्यावर भगव्या फुलाचा झेंडा लावलेला किल्ला होता. आपला.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "काका, आजची चढाई बाकी आहे तुमची."

मग वर बघितलं आणि हसला. अगदी घरच्यासारखा. "दत्तूशेठना नमस्कार सांगा. छान बोलतात. रोज ऐकतो मी."

दत्ता, मी तिथून मळ्यात आलो नाही. स्कूटर वळवली आणि थेट घरी गेलो. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हटलं, पित्त.

त्यानंतर पंधरा दिवस मी तुला सांगायचं ठरवत होतो. आरशासमोर सराव केला. एकदा तुझ्याकडे आलोही, तू विचारलंस, "काय रे, अवेळी?" तर मी म्हणालो, "गुलाब हवे होते." तू दोन डझन बांधून दिलेस. ते घेऊन घरी गेलो. लग्नाला एकतीस वर्षं झाल्यावर विनाकारण गुलाब आणणाऱ्या नवऱ्याकडे बायको ज्या नजरेने बघते, ती मी पुढे तीन दिवस सोसली. पण तुला सांगितलं नाही. टोळीतून त्याला काढलंही नाही. काढलं असतं तर तू कारण विचारलं असतंस. आणि त्याला कळलं असतं की मला कळलंय. दोन्हीची भीती. उगाच सोज्वळ कारण सांगत नाही, मी घाबरलो होतो.

माइक मात्र मी सांभाळू लागलो. तू कोर्टकचेरीचं काढलंस की मी क्रिकेट काढायचो. "तुला काय झालंय?" तू विचारायचास. "आजकाल तुझ्याशी बोललं की टीव्हीशी बोलल्यावानी वाटतं."

आणि मग तो मंगळवार.

दोन वाजता तीन हिरवे ठिपके. तुझा दम लागल्यासारखा वाटला. मी विचारलं, तर तू म्हणालास, नितीनने न सांगता टेम्पो भरून ठेवलाय, एक शब्द बोलला नाही गधडा. मग म्हणालास, "पोरगं कामाला वाईट नाय रे."

ते ऐकून माझ्याच्याने राहवलं नाही. "दत्ता, एक सांगायचंय."

"सांग ना."

"असं नको. संध्याकाळी मळ्यात येतो."

"आता काय लपवायचंय तुला? वहिनीने घराबाहेर काढलं का?"

"ही चढाई होऊ दे. मग सांगतो."

"बरं. तू दरवाजा धर, मी मागून..."

एवढंच. मग क्रेट घसरल्यासारखा आवाज. मला वाटलं, फुलं उचलायला उठलास. मग वाटलं, नेटवर्क गेलं. मी तुला हाका मारल्या. "झोपलास काय रे म्हाताऱ्या?" म्हणालो. आणि एकट्याने किल्ला घेतला, दत्ता. मला आनंद झाला. मी ओरडलो, "घेतला बघ!" त्याने अंगठा टाकला. तो पूर्ण वेळ होता. जे मी ऐकलं ते त्यानेही ऐकलं. मी मूर्ख होतो म्हणून गप्प राहिलो. तो कशासाठी राहिला ते मला ठाऊक नाही, आणि तो विचार मी फार पुढे नेत नाही.

साडेतीनला नितीन क्रेट न्यायला आला तेव्हा त्याला तू दिसलास.

डॉक्टर वहिनींना म्हणाले की क्षणात झालं, कोणी काही करू शकलं नसतं. मी त्या वाक्याला धरून आहे. बहुतेक दिवस धरलेलं राहतं.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. मधोमध भाऊ हात जोडून, छातीपर्यंत, रस्त्यावरच्या प्रत्येकाकडे बघत. कोपऱ्यातल्या गोलात तू. फोटो नितीनच्या लग्नातला. तुझ्या खांद्याशी अर्धा खांदा माझाही आलाय. आणि खाली 'शोकाकुल मित्रपरिवार' म्हणून पहिलं नाव माझं. मला कोणी विचारलं नव्हतं. दुकानात येणारे आता मला भाऊंचा माणूस म्हणून दबून बोलतात. एकाने तर रांग सोडून मला आधी नमस्कार केला. ज्यांच्याविरुद्ध तू उभा राहिलास त्यांच्या फ्लेक्सवर तू आणि मी शेजारी शेजारी. दिवसा मी त्या चौकातून जात नाही, लांबून वळसा घालतो.

दशक्रियेला गोदाकाठी, गंगेवर, तो वाघही आला होता. पांढरा शर्ट, पायात चप्पल नाही. सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होता. नितीनच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बघून त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ म्हणाले, सोमवारी सुनावणीला ऑफिसात यायचे कष्ट नको. सकाळीच सहीचा कागद घरी पाठवतो." मग एक बाटली माझ्या हातात दिली. झाकण स्वतः उघडून.

काल ती मुकुटाची सूचना आली आणि दुपारी वहिनींचा फोन. "भावजी, नितीन मळ्यात पाय ठेवत नाहीये. म्हणतो, बाबा मला फितूर समजून गेले, मी कुठल्या तोंडाने तिथे कष्ट करू? सोमवारी सही करतो म्हणतो. तुम्ही तरी समजवा."

मी समजावणार! आग लावणाऱ्यालाच बंबावर बसवण्यासारखं झालं. पण गेलो. संध्याकाळी तुझ्या शेडमधे नितीनसमोर गोणपाटावर बसलो आणि सगळं सांगितलं. कोणी निमंत्रण दिलं, कोण ऐकत होतं, फाटकापाशी काय झालं, मी का बोललो नाही. एकदाही विनोद केला नाही. जमत नव्हतं, पण केला नाही.

नितीन खाली बघत होता. म्हणाला, "मला माहीत होतं, काका."

"काय?"

"बाबांच्या फोनमधे बघितलं होतं. टोळीत कोणाला कोणी आणलं ते तिथे लिहून येतं. गाडी तर रोजच दिसायची."

"मग सांगितलं का नाहीस? तुझ्यावर आळ घेत होते ते."

"बाबांनी आबांशी संबंध तोडले, माझ्याशी तोडले. दिवसातले ते दोन तास हसायचे. तुमचं नाव सांगितलं असतं तर तेही गेले असते." त्याने गोणपाटावरची एक वाळकी पाकळी उचलली. "मला वाटलं, माझं काय, मी मुलगा आहे. आज ना उद्या बोलतील."

दत्ता, हे वाक्य मी तुला पोचवतोय. बाकी काही ऐकू नको, पण हे ऐक. तू ज्याला फितूर समजलास त्याने तुझं हसणं राखायला तुझा अबोला सोसला. आणि ज्याला दोस्त समजलास तो शटरामागे बसून तोफा मोजत होता.

मी म्हणालो, "मग आता तरी सही करू नकोस."

"करून काय, न करून काय? साक्षीदार नाही. नुसता नकाशा आहे. तोही अस्पष्ट आहे म्हणतात." त्याने प्लॅस्टिकच्या फाइलमधून तुझा कच्चा मसुदा काढून माझ्यापुढे धरला. मी पक्क्या प्रतीच्या झेरॉक्स काढल्या होत्या, हा कागद बघितला नव्हता. तुझं अक्षर. साक्षीदार: एक, तुकाआबा. दोन, माझं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. शाळेला आपण दोघं रोज त्या ओहोळाकाठच्या वाटेने जायचो, पाठीवर दप्तर आणि गाडीच्या चाकोरीत पाय. हे तुझ्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं. आणि नावावर एक रेघ.

"का खोडलं?"

"मी विचारलं होतं. तेव्हा बोलत होते माझ्याशी. म्हणाले, बाळ्याला बोलावलं तर येईल. पण तिथं येऊन दोन्हीकडं हो म्हणेल. कशाला पेचात टाकायचं, त्याचं दुकान रस्त्यावर आहे."

"चिडून म्हणाला?"

"नाही. हसून."

तू चिडला असतास तर बरं झालं असतं रे. भांडलो असतो. तू मला माफ करून बसलास, मी चुकायच्या आधीच. तुझे आभार मानू की तुला शिव्या देऊ, ते कालपासून ठरत नाहीये.

"नितीन, कोरा कागद आहे?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "काका, सोमवारी तिथे ते सगळे असतील. तो पण असेल. नंतर तुम्हाला रोज दुकान उघडायचंय."

"कागद दे."

मी लिहिलं. अमुक अमुक, वय छप्पन्न, या वाटेने शाळेत जात होतो, वाट ओहोळाच्या काठाने होती, विहिरीवरून कधीही नव्हती, आणि हे सांगायला मी स्वतः हजर राहीन. एवढं साधं होतं ते, दत्ता. सहा ओळीसुद्धा झाल्या नाहीत. लिहीत असताना फाटकापाशी गाडी येऊन थांबली. इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज मात्र आला नाही. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, फाटकाकडे बघितलं आणि आमच्या शेजारी येऊन बसल्या. कोणी उठलं नाही.

सही करताना माझा हात इतका थरथरला की चेकवर असती तर बँकेने परत पाठवली असती. मी ती नितीनला दाखवली. "दुसरी करू का?"

"नको काका," तो म्हणाला आणि कागद फाइलमधे ठेवला. "हीच राहू द्या. तुमचीच वाटते."